पासवर्ड पुन्हा टाका

२ डिसेंबर, मंगळवार
सकाळपासून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तीच चौकट. नाव टाका, पासवर्ड टाका. टाकला. गेली. पाणी पिऊन येते तो पुन्हा हजर. मिलचा मेल नीट चालतो, त्याच प्रोग्राममध्ये लावलेला माझा स्वतःचा तेवढा अडतो. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल म्हणून तेही पाहिलं. नव्हता.
मिलचं काही अडत नाही, म्हणून कोणाला सांगितलं नाही. पण भाची पल्लवी याच मेलवर लिहिते. दुसरी वाट नाही.

३ डिसेंबर, बुधवार
अजून तेच. जुने मेल दिसतात, नवे उतरत नाहीत. प.चा शेवटचा मेल तीनदा वाचला. तिला तिसरा महिना लागलाय. "आत्या, सध्या फक्त तुला सांगते. आंबट नाही, तिखट खावंसं वाटतं." उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता जात नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
दु. इरफानभाई आले. लोहाऱ्यातल्या सगळ्या कारखान्यांचे कॉम्प्युटर तेच पाहतात. आधी साठवलेला पासवर्ड पुसला, खातं काढून पुन्हा लावलं. चौकट आलीच.
"मॅडम, तुम्ही चुकीचा नाही मारून राह्यल्या. पासवर्डच बदलला हाये कोनीतरी."
"कोणी?"
"ज्याच्याजवळ कोड जाते त्यानं."
'पासवर्ड विसरलात' वर दाबून दाखवलं. कोड एका मोबाइलवर पाठवल्याचं आलं. माझा फोन वाजला नाही. नंबराचे शेवटचे दोन आकडे तेवढे दिसत होते. ओळखले.
"भावाचा नंबर आहे," मी म्हटलं.
"मंग त सोपं हाये. फोन लावा, इचारा."
मी नको म्हटलं. ते पाहत राहिले. आमच्या घरचं त्यांना काय माहीत.
गेट बंद व्हायच्या आधीच दिनूचा फोन. "ताई, कसला तरी कोड आला माह्या फोनवर. तुले पाह्यजे का?"
"नाही रे, चुकून दाबलं गेलं."
"बरं," म्हणाला. "सांगजो लागला त."
आवाज नेहमीसारखाच. तेच खटकलं.

६ डिसेंबर, शनिवार
मिल लवकर सुटली. घरी बसून आठवत होते. हे खातं दिनूनंच काढून दिलं होतं. हे गेले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी तो रोज घाटंजीहून मोटरसायकलवर यायचा. मी नुसती बसून असायची. आपल्या फोनवर त्यानं सगळं भरलं, "तुले जमन तेव्हा पाय" म्हणाला. त्या दिवसांत तो नसता तर माझं काय झालं असतं सांगता येत नाही.
आणि त्याच माणसानं मागच्या वर्षी, पल्लवीनं सुमेधशी कोर्टात लग्न केलं तेव्हा, पोटच्या पोरीच्या फोटोला हार घालून तेराव्याचं जेवण घातलं. सुमेध बौद्धांचा, घाटंजीचाच, तिच्या कॉलेजातला. मला वाढायला लावलं. मी वाढलं.
ती कुठे राहते ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही.

८ डिसेंबर, सोमवार
चौकट. आता टाकून पाहतसुद्धा नाही.
प. त्या खात्यावर लिहीत असेल आणि दिनू वाचत असेल. ती गावाचं नाव लिहीत नाही, एवढंच बरं. फोन नंबर कोणालाच द्यायचा नाही हे सुमेधचं म्हणणं, मलाही नाही. मी म्हटलं होतं, बरोबर आहे त्याचं. आज तोच नंबर असता तर.
सुमेधच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती मेल पाहते. रोज पाहते की नाही, माहीत नाही.

१० डिसेंबर, बुधवार
इरफानभाईंना बोलावून नवीन खातं काढलं. कोड माझ्याच नंबरवर. जुन्या मेलांमधून प.चा पत्ता उतरवून लिहिलं: मी आत्या. तो जुना मेल तुझ्या बाबांच्या हातात गेलाय. तिथे काही लिहू नकोस. मला फोन कर, नंबर तोच आहे.
इरफानभाई म्हणाले, "घरचा मामला दिसते. तरी ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवा."
काय लिहू अर्जात. भावानं मेल वाचला?

१२ डिसेंबर, शुक्रवार
उत्तर नाही.

१४ डिसेंबर, रविवार
दिनू आला. न सांगता, एकटाच, चारचाकी घेऊन. तुरीच्या शेंगा आणल्या पिशवीभर, आपल्या वावरातल्या. मी शेंगा उकडल्या, भाकरी टाकली. नीट जेवला. कापूस कसा झाला, वेचायला बाया मिळत नाहीत, हे सगळं बोलला. मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवलेला.
हात धुऊन आला आणि पुसता पुसता म्हणाला, "ताई, पहिलं बाळंतपण माहेरीच होते ना वं?"
माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.
"कोणाचं?"
"असंच इचारलं. रीत काय असते म्हून."
मग बराच वेळ झोपाळ्यावर बसून राहिला. डोळे मिटलेले. झोपला नव्हता. जाताना पाया पडला. एरवी दिवाळीला पडतो.
मी विचारायला हवं होतं. हे रागाचं की मायेचं, तेच कळेना. चाळीस वर्षांत त्याचा चेहरा मला कळला नाही असं झालं नव्हतं.

१५ डिसेंबर, सोमवार
नव्या खात्यावर प.चं उत्तर. जसंच्या तसं उतरवते:
"तुम्ही कोण आहात? आत्यानं कालच मेल केलाय तिच्या नेहमीच्या पत्त्यावरून. तिनं सांगितलंय की दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून तिच्या नावानं काही आलं तर विश्वास ठेवू नको. ती गुरुवारी उमरखेडच्या स्टँडवर भेटणार आहे मला. परत लिहू नका."
काल. म्हणजे इथून जेवून गेल्यावर. किंवा झोपाळ्यावर बसून.
माझ्या नावानं. माझ्यासारखंच लिहिलं असेल, "बाई गं" वगैरे. माझे सगळे मेल आहेत त्याच्याजवळ, बघून लिहायला काय लागतं.
लगेच लिहिलं: तो मेल माझा नाही. तू येऊ नकोस. फोन कर.

१६ डिसेंबर, मंगळवार
प.: "आत्या म्हणते फोन करू नको, तिचा फोन बाबा पाहतात. तुम्ही आत्या असाल तर असं काही सांगा जे फक्त तिला माहीत आहे."
मालकांच्या केबिनमध्ये पाहुणे, मी बाहेर कीबोर्डवर हात ठेवून बसलेली. लिहिलं: लहानपणी तू खडू खायचीस. घरात कोणी लागून बोललं की गोठ्यात जाऊन गायीच्या मानेला धरून रडायचीस. तुझ्या पाठीवर डाव्या बाजूला भाजल्याचा डाग आहे, माझ्याच चुलीजवळचा.
थोड्या वेळानं उत्तर आलं. एकच ओळ.
"हे सगळं बाबांनाही माहीत आहे."
खरं आहे. आम्ही एका घरातले. तिचं जे मला माहीत, ते त्याला माहीत. दवाखान्यात डागावर मलम लावताना तिला मांडीवर तोच घेऊन बसला होता. शोध शोध शोधलं, एकही गोष्ट सापडेना.

१७ डिसेंबर, बुधवार
माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधीच सुचायला हवं होतं. "पल्लवी, मी बोलते आहे, येऊ नकोस." मागून मिलचा आवाज येतो, पण ऐकू जातं. दोनदा पाठवला.
उत्तर नाही. दुकान आज बंद असेल. किंवा ती कालच निघाली असेल, वाटेत कोणाकडे थांबली असेल. किंवा ऐकलं असेल आणि आता कोणाचंच खरं वाटत नसेल.
सा. दिनूला फोन लावला. सरळ विचारलं. "तू माझ्या नावानं तिला बोलावलंस?"
"तू येतं का उद्या? आलीस त बरं होईल. तिले धीर वाटन."
"काय करणार आहेस तू?"
"घरी आनतो."
"आणि सुमेध?"
फोन ठेवला त्यानं.
ठाण्यात गेले. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं. मुलगी सज्ञान आहे, अजून काही घडलेलं नाही, म्हणाल्या. उमरखेडला कळवतो म्हणाल्या. कळवलं की नाही, कसं कळणार.

१८ डिसेंबर, गुरुवार. उमरखेड स्टँड
पहाटेच्या एसटीनं आले. थंडी आहे. नांदेडकडच्या गाड्या लागतात त्या बाजूचं बाक धरलं. पोलीस एकही दिसला नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला सांगून ठेवलं, अशी अशी मुलगी उतरली तर आधी मला हाक मारा. तो हो म्हणाला, कितपत ऐकलं माहीत नाही.
दिनूची गाडी बाहेर रसवंतीसमोर लागली आहे. आत आणखी दोघे, तिचे मामा. काचा वर.
तिला पाहिलं की काय म्हणायचं ते ठरवून ठेवलंय. पळ म्हणायचं. तिसऱ्या महिन्यात पोरीला पळ म्हणायचं. आणि ती थांबून विचारेल, कोणता मेल तुझा होता आत्या?

एवढं लिहिलं आणि दिनू येऊन बाजूला बसला. हातात दोन चहा. एक मला दिला. दाढी करून आलाय, धुतलेला शर्ट.
"काय लिहून राह्यली?"
"काही नाही."
"मी तिच्यासाठी खोली साफ करून घेतली," म्हणाला. "पलंग नवा टाकला."
"मग ते दोघे कशाला आणलेस?"
त्यानं चहाकडे पाहिलं.
एक गाडी आली, शाळेची पोरं उतरली. दुसरी रिकामीच. मोबाइल पाहिला. माझ्या आवाजाचं उत्तर नाही.
आता आणखी एक वळते आहे, लाल, धुळीनं भरलेली. पुढच्या खिडकीत ओढणी डोक्यावरून घेतलेली कोणीतरी आहे. चेहरा दिसत नाही.
दिनू उठला. बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मी