एकतीस रिकामे डबे

३ जानेवारी

आज पोरगी डेपोत आली. घरी मी 'बाबा', इथे 'मिस्त्री'. तिच्या मागे डेपोचे साहेब, चेहरा लग्नघरातल्यासारखा. "मिस्त्री, चाळीस डिझेल बस भंगारात काढायच्या, त्यांच्या जागी विजेच्या आणायच्या. रुपयातले बारा आणे सरकार घालणार," पोरगी म्हणाली. सहा महिने ती मुख्य कार्यालयात बसून हाच अर्ज करतेय. डोळ्यांखाली काळं आलंय.

माझ्याकडे एकच कागद – परिशिष्ट तीन. चाळीस गाड्यांचे नंबर, प्रत्येकीसमोर 'धुराचा फिल्टर शाबूत आहे / नाही'. खाली बारीक अक्षरात – फिल्टर काढलेली किंवा फोडलेली गाडी अनुदानास अपात्र. त्याखाली मुख्य मेकॅनिकची सही.

"बघून देतो," म्हणालो.

"बघायचं काय त्यात? तुमच्याच हातच्या गाड्या," म्हणाली आणि हसली.

४ जानेवारी

बघायचं खरंच काही नाही. पाठ आहे मला.

सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो. त्यात जाळी, ती काजळी धरते. काजळी भरली की गाडी ओढत नाही, चढाला धापा टाकते. जाळी साफ करायचं यंत्र आमच्याकडे कधी आलंच नाही. नवी जाळी मागितली की 'मागणी नोंदवली आहे'. आणि साहेब रोज पहाटे दारात उभे – "मिस्त्री, कारणं नकोत, गाडी रोडवर पाहिजे." म्हणून डबा कापायचा, जाळी कोथळ्यासारखी बाहेर ओढायची, डबा परत वेल्ड करायचा. वरून कुणाला कळत नाही. गाडी मात्र पळते वाघासारखी.

पहिली बारा वर्षांपूर्वी केली. चाळीसातल्या एकतीस झाल्या. एकतीसही मीच. दुसऱ्याच्या वेल्डिंगवर माझा विश्वास नव्हता.

५ जानेवारी

सही नाही केली. दात दुखतोय म्हणून लवकर घरी आलो. दात ठणठणीत आहे.

८ जानेवारी

पोरीचा दोनदा फोन. साहेबही टेबलाशी येऊन गेले. दार लोटून हळूच म्हणाले, "नऊ शाबूत आहेत, मला माहितीये. पण नऊ गाड्यांसाठी कोण एवढी यातायात करणार? आहे म्हणा सगळीकडे. जुन्या गाड्या शेवटी भंगारातच जायच्या. कोण उघडून बघतंय?"

मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

९ जानेवारी

सही करायला फाइल घेतली आणि चाळत बसलो. डेपोशेजारच्या लोकांची पत्रं जोडलीत. शाळेच्या बाईंचं आहे – वर्गात डेपोच्या भिंतीकडच्या रांगेतली मुलं जास्त गैरहजर असतात. सगळ्यात खाली पोरीचं स्वतःचं. मला सांगितलं नव्हतं तिने.

'माझी आई बावीस वर्षं डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहिली. पहाटे पावणेपाचला चाळीस इंजिनं एकदम गरम करतात, तेव्हा ती डबे भरायला उठलेली असायची. तिने कधी विडी ओढली नाही, चुलीवर स्वयंपाक केला नाही. तरी शेवटच्या वर्षी ती आंघोळीहून खोलीपर्यंत चार पावलांत दोनदा बसायची.'

एवढंच. पुढे तिची सही आणि तारीख.

ही गेली त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी मला तेव्हा विचारलं होतं, "घरात धूर वगैरे?" मी नाही म्हणालो. घरात नव्हताच.

चाळीस ठिकाणी 'आहे' लिहिलं. खरं लिहिलं असतं तर गाड्या आल्या नसत्या – असं मी स्वतःला सांगतोय. खरी गोष्ट ही की पोरगी 'का' विचारेल, त्याची भीती वाटली.

१० जानेवारी

फाइल गेली. वर्कशॉपमध्ये नव्या गाड्यांचीच चर्चा. इलेक्ट्रिशियन भाव खातोय – "आता माझं राज्य. तुम्ही सगळे माझ्या हाताखाली." त्याला म्हटलं, चार महिन्यांनी मी रिटायर होतोय, तोवर तरी दम धर.

२७ जानेवारी

तपासणी झाली. कागद बघतील, चहा पितील आणि जातील असं साहेब म्हणाले होते. आलेली बाई तिशीची, मितभाषी, बरोबर यंत्राची पेटी. चहा नको म्हणाली.

पहिलीच सतरा नंबर काढायला लावली. पाईपमध्ये नळी घातली. "रेस करा." केली. आकडा बघितला. "परत करा." परत केली. मग पेटीतून बारीक कॅमेऱ्याची वायर काढून डब्यात सरकवली आणि पडदा माझ्याकडे वळवला. आतून स्वच्छ. रिकाम्या पिंपासारखा.

"मिस्त्री, आत काहीच नाहीये."

"नाहीये."

साहेबांना तेवढ्यात फोन आला, ते बाहेर गेले. ते आलेच नाहीत.

पाच वाजेपर्यंत चाळीसही गाड्या झाल्या. ती बाई नंबर सांगत होती आणि मुख्य कार्यालयातून आलेली पोरगी समोरच्या रकान्यात लिहीत होती. अपात्र. अपात्र. अपात्र. एकदाही मान वर केली नाही. अक्षर मात्र तसंच, वळणदार. शाळेत बक्षीस मिळालं होतं अक्षराला.

जाताना पोरगी म्हणाली, "मिस्त्री, चावी तेवढी बोर्डावर लावा."

२ फेब्रुवारी

नऊ गाड्या मंजूर. चार्जिंगची सोय शहराच्या पलीकडच्या डेपोत आधी होणार, म्हणून नऊही तिकडेच. आमच्या डेपोत एकतीस जुन्या तशाच धावणार. दुसऱ्या आणायच्या कुठून? पुन्हा अर्ज करता येईल तीन वर्षांनी.

शाळेच्या बाई फाटकाशी आल्या होत्या. "नव्या गाड्या कधी येणार?" वॉचमनने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पाना शोधत आत गेलो. पाना हातातच होता.

५ फेब्रुवारी

पोरीला नोटीस. खोटी माहिती सादर केली, नोकरीवरून कमी का करू नये, आठ दिवसांत खुलासा करावा.

तडक साहेबांकडे गेलो. म्हणाले, "अर्ज तिचा. तिने खातरजमा करायला हवी होती."

"साहेब, डबे कापायला तुम्ही सांगितलं होतं."

"लेखी आहे काही?" आवाजही चढवला नाही. "जा, मिस्त्री. रिटायर व्हायचंय तुम्हाला. सुखाने व्हा."

६ फेब्रुवारी

लिहून दिलं. तीन कागद फुकट गेले, चौथा बरा उतरला. एकतीस गाड्यांचे फिल्टर मी काढले, परिशिष्टावर जाणूनबुजून खोटं लिहिलं, अर्ज करणाऱ्या कर्मचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबांना वगळून थेट मुख्य कार्यालयात दिलं, पोच घेतली.

इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "साहेबाचं नाव का नाही घातलंत? अडकवा की त्यालाही."

म्हटलं, "तो बोलला. कापलं मी."

८ फेब्रुवारी

निलंबित. पेन्शन चौकशी संपेपर्यंत अडकली. कपाट रिकामं करायला अर्धा तास लागला. एकोणतीस वर्षं आणि अर्धा तास. वर्कशॉपमधली पोरं फाटकापर्यंत आली. एकाने विचारलं, सतरा नंबरचा क्लच कसा लावायचा. उभ्या उभ्या समजावलं.

पोरीची नोटीस मागे घेतली म्हणे. तिने सांगितलं नाही, इलेक्ट्रिशियनकडून कळलं.

९ फेब्रुवारी

बोलत नाही. माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

१० फेब्रुवारी

तेच.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी मीच तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "गाड्यांचं सोड. तुझ्या आईचं बोलायचंय. तो धूर माझ्या हातचा होता. तिला कधी सांगितलं नाही मी."

पोरीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आईला माहीत होतं, बाबा. सतरा नंबरचा डबा तुम्ही कापला, तेव्हा ती तुम्हाला जेवायला बोलवायला आली होती. मागूनच परत फिरली. मला म्हणाली, त्यांना विचारू नकोस, त्यांना काम सोडावं लागेल. मी आपली खिडकी लावून घेत जाईन."

ती रोज पहाटे खिडकी लावायची. आणि उकडतंय म्हणून मी रोज उघडायचो.