दिवाणसाहेबांचा कोट

ता. ९ नोव्हेंबर

स्वस्ति श्री सकलसीवनकलाधुरंधर, कर्तरीकुशल, सूचिसम्राज्ञी, भगिनीकुलशिरोमणी तीर्थरूप सौ. ताईसाहेब यांचे चरणी, काष्ठवंशभूषण दिवाणसाहेबांचा आजन्म सेवक व आपला कनिष्ठ बंधू याचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण शिवलेला मखमली कोट दिवाणसाहेबांनी धारण केला. शब्दभ्रमाच्या इतक्या प्रयोगांत त्या लाकडी देहाला एवढी शोभा प्रथमच आली. तथापि दोन तक्रारी सविनय सादर करतो. एक, पाठीतील ज्या चिरेतून हात घालून मी या बाहुल्याला बोलता करतो, ती अरुंद झाली आहे. काल प्रयोगानंतर हात बाहेर येईना. पडदेवाल्याने दिवाणसाहेबांना धरले, मी मला धरले, आणि आमची फारकत झाली. दोन, खालून तिसरे बटण तपकिरी आहे, बाकीची काळी. सबब कोट दुरुस्तीस्तव परत पाठवीत आहे.

बाकी क्षेम. नाट्यगृह गारठलेले असते. माझी बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. कोणत्या तरी राष्ट्राचा ध्वज फडकतो आहे असे समजून मी अभिवादन करतो. भावोजींना नमस्कार.

आपल्या लोभास कात्री न लागावी, ही प्रार्थना.

आपला धाकटा

ता. १६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र आणि कोट मिळाला. तुझ्या पदव्या वाचता वाचता दूध उतू गेले, तेवढे सोडले तर आनंद झाला. आता माझे ऐक. जुन्या कोटाची चीर ज्या कागदी नमुन्यावरून कापली, त्यावरूनच ही कापली. गिऱ्हाइकांची पोटे सुटतात आणि खापर शिंपिणीच्या टेपेवर फुटते, हे मला नवीन नाही. पण हाताला पोट सुटल्याचे आजवर ऐकले नव्हते. तरी शिवण उसवून बोटभर जागा वाढवते. तोवर पेटीतला जुना कोट चालव आणि त्यात हात कसा जातो ते कळव.

त्या ध्वजाचे काय तेही नीट लिही. हे म्हणाले, गारठ्याने सगळ्यांचीच बोटे गार पडतात. पण निळी झालेली त्यांनीही कधी पाहिली नाहीत. गरम पाण्याची पिशवी जवळ ठेव. नाट्यगृहात मिरवायला लाज वाटत असेल तर दिवाणसाहेबांच्या नावावर खपव.

प्रकृतीला जप आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझी ताई

ता. २९ नोव्हेंबर

सूचिसम्राज्ञी ती. सौ. ताईसाहेब यांस सा. न. वि. वि. दुधाच्या रक्षणार्थ पदव्यांत काटकसर केली आहे.

सुधारित कोट पावला. खेदपूर्वक निवेदन की चीर अद्याप अरुंदच आहे. जुना कोटही तसाच. पेटीत पडून मखमल आक्रसली असावी. अंगठीसुद्धा साबण लावून काढावी लागली, म्हणजे सोनेही आक्रसते असा नवा सिद्धांत मांडणे प्राप्त आहे.

कलेचा मात्र उत्कर्ष होत आहे. व्यवस्थापक म्हणाले की पूर्वी प, ब, म उच्चारताना माझे ओठ किंचित हलत. हल्ली पहिल्या रांगेतूनही काही दिसत नाही. न्हाव्याच्या मते चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या, कातडी ताणून बसवल्यासारखी चकचकीत झाली. तारुण्य परतले आहे; फक्त सफरचंदाला तोंड पुरत नाही, म्हणून ते चिरून खातो. मंचाच्या पायऱ्या कोणी तरी वाढवल्या आहेत. वर पोचेस्तोवर धाप लागते, आणि नेमके त्याच वेळी दिवाणसाहेबही मौन पाळतात.

उजव्या तर्जनीच्या टोकाला बारीकशी जखम आहे, ती भरत नाही. मलम लावतो. चिंता नसावी. बटणाबाबत आपण चकार शब्द काढला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

आपला कृपाभिलाषी, धाकटा

ता. ४ डिसेंबर

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

मखमल अशी आक्रसत नाही. सोने तर नाहीच नाही. तुझा हात सुजला आहे.

तुझी दोन्ही पत्रे घेऊन मी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांचे कपडे मीच शिवते. पदव्यांपाशी त्या हसल्या. अंगठीपाशी थांबल्या. धापेपाशी त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, हे नुसते कातडीचे दुखणे नसावे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कधी कधी शरीरावर उलटते. कातडी घट्ट होताना दिसते, पण तेच आत फुफ्फुसांत किंवा मूत्रपिंडांत चालू असू शकते. तपासल्याशिवाय त्या नाव घेईनात, पण वेळ घालवू नका, असे दोनदा म्हणाल्या.

त्यांनी विचारायला सांगितले आहे: तोंड उघडून दातांमध्ये तीन बोटे एकावर एक बसतात का? तळहात टेबलावर सपाट टेकतो का? कोरडा खोकला येतो का?

एकही पदवी न लावता उत्तर दे. आले नाही तर मी येते, आणि मी आले की काय होते ते तुला ठाऊक आहे.

तुझी ताई

ता. ९ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दोन. तिसरे बसत नाही. तळहात टेकत नाही, खालून पेन्सिल सरकते. खोकला आहे.

मला काहीच कळले नव्हते असे नाही. एका प्रयोगानंतर आरशापुढे हसून पाहिले. हसू आले, पण चेहऱ्यापर्यंत पोचले नाही. शेजारच्या खुर्चीत दिवाणसाहेब बसले होते. त्यांचे तोंड माझ्याहून मोठे उघडते, ताई. तेव्हापासून आरशावर टॉवेल टाकून ठेवला आहे.

डॉक्टरांनी नाव घेतले की ते व्यवस्थापकांना सांगावे लागणार, आणि मग ओठ न हलण्याचे कौतुक कौतुक राहणार नाही. हातच चालेनासा झाला तर ते लाकूड, आणि मी त्याचा हमाल. म्हणून चिरेवरून भांडत बसलो. चीर तुला दुरुस्त करता आली असती.

ये.

तुझा धाकटा

ता. २२ जानेवारी

स्वस्ति श्री रुग्णालयबाकविजयिनी, परिचारिकाभयंकरी, रांगभेदनपटू, भगिनीकुलशिरोमणी तीर्थरूप सौ. ताईसाहेब यांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण परतल्यावर राहिलेले अहवाल आले. रोगाचे नाव सिस्टिमिक स्क्लेरोसिस. नाव इतके भारदस्त की माझ्या पदव्यांत त्याचा समावेश करण्याचा मोह झाला. फुफ्फुसांच्या तळाशी त्याने पाऊल ठेवले आहे. मूत्रपिंडे तूर्त निष्कलंक आहेत. संधिवाततज्ज्ञ म्हणाले, झाले ते पुसले जाईलच असे नाही, पुढचे अडवण्याचा प्रयत्न करू. आणि कोटाचे भांडण नसते तर मी त्यांच्याकडे फार उशिरा पोचलो असतो. औषधे चालू आहेत. रक्तदाब मोजतो, मोजे घालतो, आपली आज्ञा पाळतो.

व्यवस्थापकांना सांगितले. त्यांनी माझ्या खुर्चीशेजारी हीटर ठेवायला लावला.

काल प्रयोग केला. आपण कोटाची पाठ उघडी करून नाड्या लावल्यात, त्यामुळे हात सुखरूप आत गेला. बोटे आतली कळ पुरती ओढत नाहीत, म्हणून दिवाणसाहेबांचे तोंडही आता अर्धेच उघडते. प्रेक्षकांना ती नवी लकब वाटली. शेवटी आम्ही उभयता सारखेच हसलो. घरी येऊन आरशावरचा टॉवेल धुवायला टाकला.

पुढच्या तपासणीस आपण याल, हे गृहीत धरले आहे. लोभाचे माप तेच ठेवावे. हाताप्रमाणे बदलू नये.

आपला धाकटा

ता. क. खालून तिसरे बटण अद्याप तपकिरी आहे. आपण इतके दिवस येथे होतात, सुई आपल्या हातात होती, काळी बटणे डबीत होती, आणि आपण माझ्या देखत ते तपकिरी बटण काढून, पुसून, पुन्हा तेच लावलेत. पुढच्या पत्रास तक्रार शिल्लक राहावी, असा हेतू दिसतो.