कार्ड सही करीना

सोमवार, २ नोव्हेंबर

झालं! कार्ड सही करीना. घर विकण्याच्या करारावर आम्हा दोघांच्या सह्या हव्यात, माझी आणि हिची—आणि त्या हल्ली शाईने होत नाहीत. छोट्या यंत्राच्या खाचेत कार्ड सरकवायचं, गुप्त आकडा द्यायचा, की संगणकातल्या संगणकात सही उमटते. आज यंत्राचा दिवा नुसता लुकलुकला. संगणक म्हणतो, कार्ड सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर आहे की!

मुदत शुक्रवारची. घेणारे गृहस्थ तोवरच थांबणार. लेकीचा दोनदा फोन—"बाबा, झाली का सही? तुमची खोली रंगवूनसुद्धा झाली!"

ही म्हणाली, "तुमचं आधी होऊ द्या. मग माझं बघू."

हिला लेकीजवळ राहायचं असणारच. माझ्या एका खिडकीपायी आणि चार पुस्तकांपायी हिला इथे किती दिवस अडकवू?

मंगळवार, ३ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, कार्डावरची सोनेरी चकती खोडरबराने पुसा. पुसली. आणि सापडलं की कार्ड! खोडरबर हातात आलं की मला अजून जमतं म्हणायचं.

पण आता संगणक म्हणतो, आकडा चूक!

आकडा इथे लिहिणार नाही. एवढंच—तो मंदाक्रांता वृत्तावरून बांधला आहे. ओळीत जिथे जिथे थांबून श्वास घ्यायचा, ते आकडे, लागोपाठ दोनदा. शाळेत सर टेबलावर टिचक्या मारत ओळ म्हणायचे आणि अख्खा वर्ग एकदम थांबायचा. बाहेर पिंपळाची पानंसुद्धा थांबायची असं मला वाटे. या कार्डाची सही करायची चावीही म्हणे त्याच्या पोटातच असते, बाहेर काढून कुणाला दाखवता येत नाही. पाठांतरच की ते!—असा विचार करत बसलो आणि चहा निवला.

आणखी दोनदा चुकलं की कार्ड बंद पडणार.

बुधवार, ४ नोव्हेंबर

दुरुस्तीवाला येऊन गेला. स्वतःचं कार्ड घालून बघितलं. चुटकीसरशी सही.

"काका, यंत्र ठणठणीत. तुमचं कार्डपण नीट वाचतंय."

"म्हणजे बिघाड माझ्यात!"

"असं कुठं म्हटलं मी! पण आकडा जरा आठवून बघा. आमचे वडील चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात."

हसलो.

तो गेल्यावर वाटलं, मंदाक्रांता नसेलच. शिखरिणी असेल. घातली—चूक! आता एकच संधी.

ही दारात उभी. "राहू द्या ना आता."

"राहू द्या कसं? शुक्रवार परवावर आला!"

आत गेली.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

फिरायला निघालो, फाटकावरूनच परतलो. बसवत नाही, उभं राहवत नाही. पाठ असलेल्या कविता एकेक करून म्हणून पाहिल्या. एकीचं तिसरं कडवं येईना. येईना म्हणजे येईना! साठ वर्षं जिभेवर होतं.

म्हणजे सुरुवात झाली तर. थोरल्या भावाचं असंच झालं—आधी आकडे गेले, मग कविता, मग आमची नावं.

हिला म्हटलं, "लेकीकडे गेलेलंच बरं. मला आता कुणीतरी सांभाळायला हवं."

भाजी चिरता चिरता हिची सुरी थांबली. "तुम्हाला काही झालेलं नाही." एवढंच. पण आवाज कसासाच.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

सकाळीच हिने एक कार्ड पुढे केलं. "हे तुमचं. त्या यंत्रात आहे ते माझं. दिसायला सारखीच, म्हणून मीच बदलली. मला नाही हो जायचं कुठे. तुम्हाला जायचंय असं वाटलं, म्हणून तोंड उघडलं नाही. पण काल जे बोललात, ते ऐकवलं नाही मला."

कार्ड घातलं. मंदाक्रांता—पहिल्याच फटक्यात! 'सही करायची?' असं विचारून संगणक थांबला.

कार्ड काढून घेतलं. लेकीला फोन लावला.