मागच्या सीटचा ब्रेक

प्रिय गुंड्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता तुझ्याकडून निघून सुखरूप घरी पोचलो. (सुखरूप हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, आणि त्यात माझी बसण्याची जागा धरलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या सौभाग्यवतीची कंबर? तुमच्या कुत्र्याने माझा मोजा परत केला असेल तर पाठवण्याची तसदी घेऊ नकोस, त्यालाच ठेवू दे, त्याचा जीव जडला होता त्यावर. इकडे बाकी सर्व ठीक. मी हे पत्र उभ्याने लिहितो आहे, म्हणून अक्षर थोडं डोंगराळ आलं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या ताईला तू माझ्याआधीपासून ओळखतोस, पण तिच्या शेजारी बसून तू कधी गाडी चालवलेली नाहीस. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक वेगळा ब्रेक असतो, आणि इतकी वर्षं त्यावर पाय ठेवून बसल्यामुळे ती आता कुठेही बसली तरी पायाखाली ब्रेक आहे असं धरूनच बसते. टीव्हीवर कोणी गाडी जोरात हाणली की आमच्या सोफ्यासमोरची फरशी दाबली जाते. मीही तिचाच विद्यार्थी. लायसनच्या परीक्षेला तिने मला कधी पाठवलंच नाही, त्याऐवजी माझ्याशी लग्न केलं. (रस्त्यावरच्या जनतेचा विचार करून केलं, असं ती पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात, मीही हसतो, आणि ते गेल्यावर मला थोडं वाईट वाटतं.) तेव्हापासून मी काहीही वळवलेलं नाही. दुकानातली सामानाची ढकलगाडीसुद्धा तीच ढकलते, मी बाजूने चालतो. धंदाही माझा असा की दिवसभर टेबलाशी बसून दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घासायच्या, आणि कवळी काही कुठे जात नाही. त्यामुळे तू जेव्हा कळवलंस की डोंगरातले जुने खाणीचे नि जंगलखात्याचे रस्ते आता फक्त सायकलींसाठी ठेवलेत, मोटारींना बंदी आहे, तेव्हा मला आनंदाने ठसका लागला. मला वाटलं, जिथे आपटायला दुसरं वाहनच नाही तिथे तरी ही मला मोकळं सोडेल. एकदा, एकट्याने, माझी मी सायकल चालवायची, एवढीच माझी इच्छा होती. शाळेत असताना मला बरी यायची.

आणि तू, शहाण्या, शेडमधून काय काढलंस, तर दोन सीटांची एकच सायकल. वर कौतुकाने समजावून सांगितलंस की पुढचा वळवतो, पुढच्याकडे दोन साधे ब्रेक असतात, आणि लांब उतारांसाठीचा मोठा ब्रेक मागच्याच्या हातात. तुझं वाक्य संपायच्या आत तुझी ताई मागे बसलेली होती. जिथे ब्रेक तिथे ती. मला तिने पुढे बसवलं आणि पहिली सूचना दिली, की पुढच्या ब्रेकांना हात लावायचा नाही, ते खातं माझ्याकडे. मी हो म्हणालो. (मी नेहमीच हो म्हणतो, म्हणून तर आमचं बरं चाललं आहे.)

तू ज्याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतोस त्याला आमच्याकडे रस्त्याचं काम अर्धवट सोडून मुकादम पळाला असं म्हणतात. ती खडी, तो मुरूम, ते मधूनच वर आलेले गोटे. जन्मभर मी लोकांचे दात बनवले, तिथे पहिल्यांदा स्वतःचे वाजताना ऐकले. पण गुंड्या, खरं सांगू का, पहिलं वळण पार पडल्यावर मला जे काही झालं ते मी इथे कोणालाच सांगितलेलं नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, खाली धरणाचं पाणी, मधे फक्त आमच्या टायरांची करकर, आणि हे सगळं मी वळवत होतो. मला हसूच फुटायला लागलं. मागून आवाज आला, हसू नका, समोर बघा.

मग सुरू झाली शिकवणी. एवढ्या निर्मनुष्य डोंगरात तिने मला प्रत्येक वळणावर हात दाखवायला लावला. वळण्याआधी मागे बघा म्हणाली. मी मागे बघितलं, तर मागे कोण, तीच. मोकळ्या माळावर डबा खायला थांबलो तर सायकल दोन दगडांच्या मधोमध, कुठल्याच दगडाला न लागता उभी करायची, आणि ती तिरकी उभी राहिली म्हणून परत काढून परत लावायची. आणि त्या मेंढीचं तर काय सांगू. एकटीच मेंढी आमच्या पुढे चालली होती, आणि वळणांवर ओव्हरटेक करायचं नाही हा नियम. आता त्या घाटात वळणाशिवाय आहे काय? पूर्ण चढ आम्ही मेंढीच्या मागून, तिच्या वेगाने चढलो. ती थांबली की आम्ही थांबायचो. शेवटी वरून मेंढपाळ खाली आला, बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जा की आता पुढं, ती कवाची तुमच्यासाठी बाजूला उभी हाय." तुझ्या ताईने त्याचे आभार मानले आणि मला सांगितलं, हात दाखवा.

चढ मला इतका जड का जातो, याचाही उलगडा मला दुसऱ्या दिवशी झाला. ही चढावरही ब्रेक दाबून बसत होती. सवयीने. मी पुढे घामाघूम होऊन पायडल मारतोय आणि ही मागे पूर्ण ताकदीने आम्हाला थांबवते आहे, असे आम्ही तुझा अख्खा डोंगर चढलो. सुखी संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

आता शेवटच्या सकाळचं सांगतो, म्हणजे खिंडीतून खाली धरणापर्यंतच्या उताराचं. त्या दिवशी ती सकाळपासून गप्प होती. मला वाटलं रुसली आहे, आदल्या संध्याकाळी तुझ्या शेडच्या दाराला मी हॅन्डल घासलं होतं म्हणून. खिंडीत पोचल्यावर मी विचारलं, जायचं ना? ती एवढंच म्हणाली, "चला, मी आहे मागे." आणि तिने सोडलं, गुंड्या, असं सोडलं की कधी सोडलं नव्हतं. वारा कानात शिरला, टोपी मानेवर गेली, खडी दोन्ही बाजूंना उडायला लागली. ना हात दाखवा, ना मागे बघा. मी प्रत्येक वळण घेत गेलो, आणि घेतलेलं वळण मागे पडलं की मला पुन्हा हसू यायचं, शेवटी शेवटी तर मी मोठ्याने काहीतरी गातच होतो, आणि ती मला गप्प बसा म्हणाली नाही. एक गोष्ट मात्र तुझ्यामाझ्यात ठेव. अवघड वळणांवर मला भीती वाटली आणि मी माझे पुढचे ब्रेक चोरून दाबले. हलक्या हाताने, तिला कळणार नाही असे. खाली उतरल्यावर तिने रुमाल नीट बांधला आणि "ठीक" म्हणाली. तिच्या विद्यार्थ्यांत "ठीक" मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

असो. तुमच्या पाहुणचाराला तोड नाही. मुलांना आशीर्वाद, कुत्र्याला मोजा.

तुझा,
भावोजी

ता. क. : तुमच्या माळ्यावरच्या खोलीतली तुळई जरा वर घेता येईल का? माझ्या कपाळावर अजून तिची खूण आहे.

दुसरा ता. क. : खरं काम असं, की पुढच्या खेपेला आम्ही आलो की दोन सीटांची सायकल मोडली असं ताईला सांग. मोडलेली नसली तरी सांग. मला वेगळी सायकल दे, तिला वेगळी दे. तिच्या डोळ्यांसमोर, पण एकट्याने, एकदा तरी. एवढं माझ्यासाठी कर.

तिसरा ता. क. : उत्तर घरी पाठवू नकोस, माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठव.

गुंड्या, पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं, पाकीट न चिकटवता. तेव्हा खाली चार ओळी माझ्या. त्या मोठ्या ब्रेकची तार शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळीच तुटली होती, चढावर दाबून दाबून. मी तुला बोलले नाही, यांनाही बोलले नाही, नाहीतर हे खिंडीतूनच परत फिरले असते आणि आयुष्यभर, तू मला तो उतार उतरू दिला नाहीस, असं म्हणत बसले असते. माझ्या हातात काही नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत मी यांच्या बोटांवर नजर ठेवली, ती बरोबर वेळेला ब्रेकवर दाबली गेली. दुसऱ्या वळणावरही गेली. मग मी डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत कोणाच्याही गाडीत मी असं केलेलं नाही. वारा इतका छान लागत होता, आणि यांचं गाणं अगदीच बेसूर होतं. तेव्हा यांना वेगळी सायकल मुळीच द्यायची नाही, दोन सीटांचीच तयार ठेव, आणि मागची तार बसवू नकोस.

ताई