सुतारमामांनी केलेला स्टँड

२ जून, रविवार
आमच्या चर्चचे पाळकसाहेब ऑपरेशनसाठी रजेवर. मोठ्यांचा बायबलवर्ग माझ्याकडे. शेवटी मंडळीला माणूस ओळखता आला. जाताना साहेब म्हणाले, शिकवणाऱ्याचा न्याय इतरांपेक्षा कडक होतो, तेव्हा वचनाच्या मागचं-पुढचं वाचल्याशिवाय वर्गात उभे राहू नका. माझ्यावरचा विश्वास त्यांनी आजवर असा बोलून दाखवला नव्हता.
संकल्प : रोज पहाटे एक अध्याय. टाचणं काढणे. आवाज खर्जात ठेवणे.

५ जून, बुधवार
उद्यापासून सुरुवात. चष्म्याची काडी तुटली आहे.

८ जून, शनिवार, दुपार
अध्याय उघडला. नुसती वंशावळ. डुलकी लागली. शेवटी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरचं उद्याचं पान फाडून घेतलं. त्यावर रोज एक वचन छापलेलं असतं, आटोपशीर. उद्याचं, विश्वासाने मागितलेलं मिळतं अशा अर्थाचं आहे. याच्या मागचं-पुढचं काय वाचायचं? अर्थ स्वच्छ आहे.

९ जून, रविवार
वर्ग गाजला. बोलण्याच्या ओघात म्हणालो, पूर्ण विश्वास असेल तर औषधाकडे बघायचंही कारण नाही. हे कॅलेंडरवर नव्हतं, मला आपोआप सुचलं. मागच्या बाकावरचे पेंगणारेसुद्धा जागे झाले. सुतारमामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना हार्टचा त्रास आहे. वर्ग सुटल्यावर मामींना घेऊन आले आणि माझा हात धरून म्हणाले, इतकी वर्षं कुणी हे असं उघड करून सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी बायबल ठेवायला उंच स्टँड करून देणार आहेत. बरं झालं. सध्याचं टेबल बुटकं आहे, वाकलं की अधिकार दिसत नाही.

१३ जून, गुरुवार
बायको औषधांच्या दुकानात काउंटरला असते. जेवताना म्हणाली, सुतारमामांनी गोळ्या बंद केल्या आहेत, मामी दुकानात येऊन रडून गेल्या. शिकवणीचं पहिलं फळ, असं मी म्हणालो. तिने ताट बाजूला सारलं. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना, की माझं चुकलं."
हिला वर्गातलं बोलणं आणि व्यवहार यांतला फरक कळत नाही. रविवारी वर्गातच हळूच दुरुस्ती करीन. 'औषध हीसुद्धा देणगीच' असा विषय घेतला की माघार घेतल्यासारखं दिसणार नाही.

१६ जून, रविवार
आजच्या पानावर क्षमेचं वचन निघालं. त्यात औषध घुसडता आलं नाही.

१८ जून, मंगळवार
बायको बोलत नाही, म्हणून मामांच्या वर्कशॉपमध्ये गेलोच. स्टँडच्या फळीवर रंधा मारत होते. मध्येच थांबून भिंतीला टेकत, दम घेत. ओठ निळसर. सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "गुरुजी, मरणाची भीती गेली बघा माझी. तुमच्यामुळे."
आता अशा माणसाला काय सांगायचं? पॉलिशविषयी बोललो. गडद बरं दिसेल म्हणालो. येताना ॲसिडिटीची गोळी घेतली. उद्या नक्की सांगणार.

२० जून, गुरुवार
काल पाहुणे होते. उद्या नक्की.

२१ जून, शुक्रवार
सुतारमामा गेले. सकाळी वर्कशॉपमध्येच, भुशात पडले.
बायकोने एवढंच सांगितलं. मग कॅलेंडर खिळ्यासकट उपटून माळ्यावर टाकलं.

२३ जून, रविवार
काल दफन झालं. म्हणून आज वर्ग नव्हता. सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

३० जून, रविवार
मामांच्या भावाने स्टँड आणून ठेवला. उंची बरोबर माझ्या मापाची. तीन बाजूंना गडद पॉलिश, चौथी कोरी. ती माझ्याकडे येते, वर्गाला दिसत नाही.
कॅलेंडर नसल्यामुळे कुठलं वचन घ्यावं सुचेना. म्हटलं, आज प्रश्न विचारा. पहिल्या बाकावरून मामी उठल्या.
"गुरुजी, तुम्ही म्हणाला होता, विश्वास पूर्ण असला की औषध लागत नाही. मग ह्यांचा कमी पडला का?"
बायको दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती.
मामींनी पदराने तोंड पुसलं. "की माझ्यामुळे झालं? मी एकदा त्यांना न सांगता चहात गोळी विरघळवून दिली होती."
मी स्टँड दोन्ही हातांनी धरला. भीती वाटली. उत्तर मला येत होतं, आणि त्यासाठी मागचं-पुढचं काही वाचायची गरज नव्हती. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली. लोक उठले, बाकं सरकली, सगळे मोठ्या दालनाकडे निघाले. मामी थोडा वेळ तशाच थांबल्या, मग त्याही गेल्या.
'नाही, तुमच्यामुळे नाही,' एवढं त्यांना म्हणायचं राहून गेलं.