नावाडी मागे उभा आहे

रविवार, चौदा तारीख, सकाळ

चि. भुंग्यास,

ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, मीही कुरकुरते, दिवस जातात. चष्म्याच्या दुकानात गर्दी बरी असते. "पोरगी चष्मे विकते आणि आईला दिसत नाही," हा आईचा विनोद अजून चालू आहे. गिऱ्हाइकांनाही ऐकवते.

तुझा पत्ता छापखान्यातल्या तुझ्या मित्राकडून मिळवला. कारण असं की, काल आपल्या मालिकेचा शेवटचा भाग झाला. तूही पाहिला असशीलच. राणीने मुकुट नदीत फेकला हे मला अजिबात पटलं नाही. सात वर्षं त्या सिंहासनासाठी जिवाचं रान केलं ते कशाला मग? आई म्हणाली, "टोचत असेल गं डोक्याला."

तू सोफ्याच्या हातावर बसून तिला पडद्यावरचं सगळं सांगायचास. ड्रॅगन उडाला की तुलाच धाप लागायची आणि आई विणता विणता म्हणायची, "हळू रे, माझे टाके सुटतात." आता ते काम माझ्याकडे आहे. मी फार कोरडं सांगते म्हणे. "माणूस आत आला काय? अगं, कसा आला?"

आणि तो मुका नावाडी! तिसऱ्या सिझनमध्ये तो बुडाला, तेव्हा मी दुकानात होते. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडून कळलं. घरी येऊन बघते तर तू आईला सांगत होतास, की तो नाव घेऊन वळणापलीकडे गेलाय, येईल. मुळात तो बोलतच नसल्यामुळे तुझं फावलं. पुढे प्रत्येक भागात तू त्याला कुठे ना कुठे उभा केलास. दरबारात खांबाआड, लढाईत झाडाखाली. "नावाडी मागे उभा आहे, आई." मला हसू आवरायचं नाही.

छापखान्यातली नोकरी गेल्यावरही तू दोन महिने डबा घेऊन बाहेर पडत होतास, हे मला कळलं तेव्हा मात्र हसू आलं नाही. आईसमोर मी तुला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

नाही, लिहितेच. "आंधळ्या आईला फसवायला काय लागतं," असं म्हणाले मी. तू त्याच संध्याकाळी गेलास. दोन वर्षं झाली.

त्यानंतर आईने एकदा विचारलं, "नावाडी आहे ना?" माझ्या तोंडून "आहे" निघून गेलं. तेव्हापासून मीच त्याला उभा करतेय. आणि काल राणी नदीकाठी मोठ्याने म्हणाली, "नावाड्या, तुला बुडून चार वर्षं झाली." आईच्या सुया चालूच होत्या.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्या दिवशी पाण्याचा आवाज झाला आणि आपल्या भुंग्याचा आवाज बसला. पोराला इतकं वाईट वाटलं होतं, मी कशाला बोलू?"

मग विणकाम मांडीवर ठेवून म्हणाली, "नोकरीचंही कळलं होतं. अंगाला शाईचा वास येईना त्याच्या. आपणहून सांगेल म्हणून थांबले होते. त्याच्याआधी तू बोललीस."

मालिका संपत आली होती. शेवटच्या दृश्यात कोण कोण आहे, तिने विचारलं. मी सगळे सांगितले, तरी ती ऐकत राहिली. मग म्हणाले, "नावाडी मागे उभा आहे." "असू दे," ती म्हणाली.

भुंग्या, माझं चुकलं. ती फसली नव्हती, तुला सांभाळून घेत होती. तेवढं मला जमलं नाही.

नावाडी खरा कसा गेला, ते तिला आता ऐकायचंय. तो भाग मी लावू शकते, पण लावणार नाही. "ज्याने पाहिलंय त्याने येऊन सांगावं," असं तिचं म्हणणं आहे. सोफ्याचा हात तुझ्या बसण्याने ढिला झाला होता. परवाच सुताराकडून घट्ट करून घेतलाय.

वाट बघणाऱ्या दोघींपैकी, जिने तुला घालवलं ती,
ताई