ट्रकला टेबल पंखा

अण्णा, तुमच्या गाडीचा पंखा मी काढला. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमचा जीव खालीवर व्हायला नको. इंजनाच्या बेल्टवर गरगरणारा तो लोखंडी पंखा, ज्याच्याजवळ हात नेला म्हणून तुम्ही मला जन्मात एकदाच थोबाडीत दिली होती, तो आता माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्या जागी विजेवर चालणारे दोन पंखे बसलेत. मी बसवलेत, ह्या दोन हातांनी! परवापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. आईला फोन करून सगळं साग्रसंगीत सांगितलं, तर ती म्हणाली, "पंखाच बसवला ना गं? त्यात काय एवढं नाचायचं?" मग म्हटलं, ज्याला कळेल त्यालाच लिहावं. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली म्हणून काय झालं.

गाडी आपल्या धाकट्याकडंच आहे. जाफराबादेतून माल भरतो, जालन्याच्या मोंढ्यात आडत्याकडं उतरवतो, तुमच्यासारखंच. पण गेली दोन वर्षं ती फार तापायला लागली होती. रेडिएटर नवा टाकला, पाण्याचा पंप बदलला, तरी मोंढ्याच्या रांगेत उभी राहिली की पाणी उकळायचंच. सेल्फ पुन्हा मारेल याचा भरवसा नाही म्हणून रांगेत इंजन बंद करायचं नाही, ही तुमचीच सवय त्याला लागलेली. आणि इंजन हळू चाललं की बेल्टवरचा पंखाही हळूच फिरणार, वारा कुठून येणार? गेल्या महिन्यात तर भर उन्हात दोनदा वाटेत उभं राहावं लागलं. तो माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "ताई, आता बास झालं. भंगारवाल्याला बोलवून राह्यलो मी." अण्णा! अहो, ती गाडी घरी आली त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा खांद्यावर घेऊन तिच्या टपावर बसवलं होतं, ती भंगारात? मी म्हटलं, "मला पंधरा दिवस दे. मी तिला विजेचा पंखा बसवते." तो म्हणाला, "एक खेप. रस्त्यात पाणी उकळलं ना, तर मंग मी कुनाचंच ऐकनार न्हाई."

विजेचा पंखा म्हटल्यावर तुम्हाला काय आठवलं असेल ते मला माहीत आहे. तो दिवस आठवा: मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गात तीस पोरं आणि मी एकटी मुलगी, त्यामुळे जे शिकवतील ते डोक्यात कोंबून घरी आणते. सुट्टीला गावी आलेय, तुमच्याबरोबर पिंपळगाव रेणुकाईला माल भरायला आलेय, आणि स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पिताना मी तुम्हाला समजावून सांगते की इंजनाला पंख्याचं ओझं कशाला, बॅटरीवर पंखा लावता येतो, पाणी तापलं की तो आपोआप चालू होईल, थंड झालं की बंद. तुम्ही कप खाली ठेवता. शेजारच्या बाकावर तुमचे चार ड्रायव्हर दोस्त. त्यांच्याकडं वळून मोठ्यानं म्हणता, "ऐका रे! आमची बाई ट्रकला टेबल पंखा बसवून राह्यली! मंग एक उशी पन आन गं माय, इंजन निवांत झोपंल!" सगळं हॉटेल हसलं. भजी तळणारा हसला, ऑर्डर घ्यायला आलेला पोऱ्या हसला, आणि तुम्ही तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. महिन्यानंतर माझ्या पुस्तकांवर एक नवा कोरा टेस्टर ठेवलेला होता, तुम्ही जुन्या जालन्यातनं आणलेला. घरातल्या लाइटीचा टेस्टर तो, ट्रकच्या बॅटरीवर पेटतच नाही, पण तुम्हाला काय माहीत! मी त्याचा स्क्रू पिळायला पेचकस म्हणून वापर करते. अजून आहे.

तर कामाला लागले. एका मोडीत निघालेल्या एसी बसचे दोन दणकट पंखे मिळाले. रेडिएटरच्या मागं बसवायला लोखंडी चौकट करून घेतली. बॅटरी भरणारा आल्टरनेटर मोठा टाकला, कारण दोन पंख्यांची भूक मोठी. बेल्ट मात्र काढला नाही, घाबरू नका, पाण्याचा पंप अजून त्याच्यावरच आहे. दिवसा गिऱ्हाइकांची कामं, आणि जरा उसंत मिळाली की मी तुमच्या गाडीच्या तोंडात डोकं घालून बसलेली. शेवटची वायर जोडून मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले आणि धाकट्याला म्हटलं, "मार बटन." अण्णा, काय वारा! असा झपाट्यानं अंगावर आला की माझी ओढणी मागं उडून रस्त्यापलीकडच्या पानटपरीवर जाऊन पडली. सगळी गल्ली गोळा झाली. मी टाळ्या वाजवल्या, नारळ फोडला, पेढे वाटले. तुमच्या लक्षात आलंच असेल आत्ता. माझ्या नाही आलं.

परवा सकाळी सोयाबीन भरून निघालो. म्हटलं, मीही येणार. भोकरदनपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलला नाही. केबिनमध्ये तो जुना घरघराट नाही, आम्ही साध्या आवाजात बोलतोय, मला तर गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढं चढाला पाणी तापलं आणि पंखे आपोआप चालू झाले. "बघ," मी म्हटलं, "आता काटा खाली येतो का नाही." काटा वर गेला. अजून वर गेला. पंखे बंद असताना बरी होती गाडी, आणि चालू झाल्यावर तापायला लागली! चढ संपेस्तोवर काटा लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. धाकट्यानं गाडी बाभळीखाली घेतली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. "हात काढ!" मी ओरडले. अण्णा, तो तुमचा आवाज होता. तुमच्या मनगटावरचा, रेडिएटरच्या वाफेनं भाजलेला तो डाग मला दिसला एकदम. तोही दचकून मागं झाला. मग हळूच म्हणाला, "ताई, तू लई केलंस. पन न्हाई होत आता. लावतो मी भंगारवाल्याला फोन."

त्यानं खिशातून फोन काढला. मी गाडीच्या तोंडासमोर उभी, पंखे जोरात चालू, गरम वारा थेट चेहऱ्यावर. घाम पुसायला ओढणी वर केली तर ती उडून माझ्याच तोंडाला चिकटली. आणि तिथं मला तुम्ही दिसलात. जिनिंगच्या आवारातून निघायच्या आधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस ब्रशनं झाडताय, आणि मग खिशातली दस्ती, तुमचा तो रुमाल, काढून दोन बोटांनी जाळीसमोर धरताय. दस्ती जाळीला चिकटली की म्हणायचात, "घेऊन राह्यली गं दम. बस जल्दी." दर वेळी. एकही खेप त्याशिवाय निघाली नाही. वारा आत जायला पाहिजे, अण्णा! आत ओढला पाहिजे, आणि माझे पंखे बाहेर फेकत होते, समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होते. त्या मोडीतल्या बसच्या कुठल्याशा मेकॅनिकनं जुन्या जोडात लाल-काळ्या वायरींची अदलाबदल केलेली, आणि मी शहाणी, वायरीचा रंग बघून मोकळी झाले! दुकानात तोंडावर वारा आला म्हणून पेढे वाटले!

"थांब! फोन ठेव!" म्हणत मी बॉनेटखाली डोकं घातलं. पंखे बंद केले, तुमचा टेस्टर काढला, चार स्क्रू ढिले केले, वायरी उलटवल्या, स्क्रू आवळले, पंखे चालू केले. घाईत एक स्क्रू दोनदा खाली पडला. मग समोर येऊन ओढणीचं टोक जाळीसमोर धरलं. चिकटलं! फट् करून चिकटलं! ओढून काढावं लागलं. मी रस्त्यावर अशी उडी मारली की शेजारून जाणाऱ्या एसटीतली माणसं माना बाहेर काढून बघायला लागली. आम्ही बाभळीखाली उभे राहून काट्याकडं बघत बसलो. तो आला खाली, सावकाश, आपल्या जागेवर. पुढं मोंढ्यात दीड तास रांग होती, इंजन चालू, डोक्यावर ऊन, मागंपुढं गाड्या. पंखे सुरू व्हायचे, बंद व्हायचे, काटा तिथंच. धाकट्यानं पंधरा दिवस वाट बघणाऱ्या भंगारवाल्याला फोन लावला आणि म्हणाला, "नका येऊ. गाडी बिलकुल बराबर चालून राह्यली." फोन ठेवून किती तरी वेळ स्टिअरिंगवर हात फिरवत बसला. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण माझे डोळे भरले होते.

हे पत्र कुठं टाकायचं, कुणाच्या पत्त्यावर? दुकानातल्या त्या जुन्या पंख्याच्या पात्यामागं खोचून ठेवते. पण एक गोष्ट राहिली. मोंढ्यातून परतताना धाकट्यानं विचारलं, "ताई, नेमकं काय झाल्तं गं वाटंत?" मी म्हटलं, "काही नाही, एक वायर ढिली झाल्ती." उलटी जोडली होती हे त्याला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, गल्लीत तर नाहीच. फक्त तुम्हाला सांगतेय. तेव्हा हसा आता, अण्णा. त्या हॉटेलात हसला होतात तेवढ्या जोरात हसा. ह्या वेळी मी बोलणं बंद करणार नाही.